‘ब’च्या पुढचं अक्षर

‘निर्दोष’ ठेवू की काढू, एवढंच बाळासोनं विचारलं होतं. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी त्याच्या शाहूपुरीतल्या छापखान्यात गेलो होतो. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं, त्या दिवशी आमच्या जैन समाजात वाटायला सोळा पानांची पुस्तिका काढायची होती. मजकूर माझ्या बहिणीनं, चंदनानं लिहिलेला. मी फक्त मुद्रितं वाचायची आणि सही करायची. शेवटच्या पानावर वाक्य होतं : ‘श्रीमती आक्काताईंनी अन्नपाण्याचा केलेला त्याग अखेरच्या श्वासापर्यंत निर्दोष पाळला.’ बाळासोचं म्हणणं, ओळ लांबतेय, एकच शब्द खाली उतरतोय, दिसायला वाईट दिसतं. “पाळला म्हटलं की झालं की भूपालदादा. निर्दोष कशाला आणि? काढू का?” त्या बिचाऱ्याला ओळीची काळजी. मला मात्र याला कसं कळलं, असंच आधी वाटलं. मग त्याच्या शाईनं बरबटलेल्या बोटांकडं बघितलं आणि लक्षात आलं, याला काही कळलेलं नाही, जगात कुणालाच कळलेलं नाही. “सोमवारी सांगतो,” मी म्हणालो. “सोमवारी धाला मशीनवर घेणार बघा,” तो म्हणाला. मधे शनिवार-रविवार होता. त्या दोन दिवसांत घरी बसलो असतो तर चंदना आली असती, तिनं ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं असतं, आणि मी मान हलवली असती. म्हणून मी प्रसेनजीतला म्हटलं, चल कुठंतरी.

प्रसेनजीत म्हणजे माझ्याच ऑफिसातला, समोरच्या टेबलावरचा, वीस वर्षांपासूनचा मित्र. सायकलचं वेड त्याचं. मी आपला त्याच्या नादानं वर्षातून एकदा-दोनदा निघतो आणि आठवडाभर मांड्या चोळत बसतो. त्याची सायकल गिअरची, माझी वडिलांच्या वेळची काळी, जड, पण कधी दगा न दिलेली. शनिवारी दोन्ही सायकली एसटीच्या टपावर बांधून आम्ही आजऱ्याला गेलो, त्याच्या मावसभावाकडं झोपलो, आणि रविवारी दिवस उगवता उगवता आंबोलीच्या रस्त्याला लागलो. जानेवारी अर्धा सरलेला. थंडी अशी की हँडल धरलेली बोटं आपली आहेत की दुसऱ्याची ते कळू नये. गावाबाहेर काजूच्या कारखान्यांचा करपट वास होता, तो घशात बसला आणि पुढं दोन-तीन मैल उतरला नाही. मग झाडी सुरू झाली आणि धुकं. प्रसेनजीतचा लाल मफलर वीस पावलांवर दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा. मी पायडल मारत होतो. चढ आहे की उतार हेसुद्धा धुक्यात डोळ्यांना समजत नव्हतं, मांड्यांनाच विचारावं लागत होतं. माझं वर्षभर हेच चाललंय, मला वाटलं. कुठल्या बाजूला चाललोय तेच कळत नाही. या जानेवारीत मला पंचेचाळीस पुरी झाली, हेडक्लार्क झालो, लोक माझ्याकडं सल्ला मागायला येतात, आणि मला स्वतःला एका अक्षराचा निकाल लावता येत नाही.

त्या अक्षराची गोष्ट अशी. आईचं माहेर निपाणीच्या पलीकडं, चिकोडीच्या अंगाला. तिची बोली कानडी. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती कोल्हापुरात आली आणि वडिलांना कानडी येत नसल्यानं, आणि आवडतही नसल्यानं, घरात तिची कानडी बंद झाली. साठ वर्षं ती मराठी बोलली. भाजीवालीशी भांडली मराठीत, आम्हाला झोडपलं मराठीत. चंदना लहानपणी आजोळी राहिलेली, तिला थोडीफार येते. मला चार शब्द. गेल्या वर्षी आईच्या दोन्ही किडन्या बसल्या, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिनं स्वतः महाराजांकडून सल्लेखनेची परवानगी घेतली. आधी धान्य सोडलं, मग दूध, मग ताक, शेवटी पाणीही. शेजारपाजारचे, समाजातले, कोण कुठले, पाळीपाळीनं येऊन तिच्या उशाशी णमोकार म्हणत होते. घर देवळासारखं झालं होतं. मला त्या दिवसांत तिचा अभिमान वाटत होता आणि तिची भयंकर भीतीही वाटत होती. आपली आई इतकी लांबची बाई होती हे मला माहीतच नव्हतं. आणि जसजसं एकेक सुटत गेलं तसतशी तिची मराठीही सुटली. शेवटचे चार-पाच दिवस ती जे काही पुटपुटायची ते कानडीत. चंदना वाकून ऐकायची आणि आम्हाला सांगायची, देवाचं नाव घेतेय, दिव्यात तेल घाला म्हणतेय.

पाणी सोडल्याचा तिसरा दिवस. संध्याकाळचे पाच वाजून गेलेले. आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं असतं, त्यामुळं उशाशी बसलेले सगळे एकदम उठले. चंदना माझ्या बायकोला, दीपाला घेऊन पानं वाढायला मागच्या सोप्यात गेली. “भूपाल, तू जरा बस, आम्ही उरकून येतो, मग तू जेव,” ती म्हणाली. मी एकटा होतो. आईचे डोळे मिटलेले होते, ते तिनं उघडले. हात गोधडीबाहेर आला. आणि ती म्हणाली, “नीर ब्…” पुढचं तिच्या घशातच राहिलं. नीर म्हणजे पाणी, हे मला येणाऱ्या चार शब्दांतलं एक. बेक म्हणजे हवं. ब्याड म्हणजे नको. दोन्ही ‘ब’नं सुरू होतात, याला मी काय करू? मी विचार केला नाही. मी स्वयंपाकघरात गेलो, उकळून गार केलेल्या पाण्याच्या तांब्यात पळी बुडवली, आणि आणून तिच्या ओठांत घातली. तिनं गिळलं. गळ्याची हालचाल मी डोळ्यांनी बघितली. मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्याचा अर्थ मी तीनशे पन्नास दिवस लावतोय. थोड्या वेळानं सगळे जेवून परत आले. सातच्या सुमाराला आई गेली. लोक रांगेनं तिच्या पाया पडले, असं मरण भाग्यानं येतं म्हणाले, आणि चंदनानं रडत रडत माझा हात धरून म्हटलं, “पाण्याचा थेंबसुद्धा मागितला न्हाई रे आईनं.”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. आणि एकदा न बोललेलं दुसऱ्या दिवशी बोलणं दुप्पट अवघड, तिसऱ्या दिवशी चौपट. चंदनाला ‘बेक’ आणि ‘ब्याड’ मरणाऱ्याच्या तोंडी कसं लागतं हे विचारायचं म्हणजे सगळं सांगण्यासारखंच होतं. दीपालाही सांगितलं नाही. स्टँडवरून कानडी शिकवणारं एक पातळ पुस्तक आणलं, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्यातलं मी एकच पान वाचलं, पाण्याचं. बाथरूममध्ये नळ सोडून ते दोन शब्द हळू आवाजात, जोर न लावता, घसा आवळून म्हणून बघितले. ‘ब्याड’ला जीभ वर वळते. तिची वळली होती का? तोंडाच्या आत पाहायला मी काय दाताचा डॉक्टर? कधी वाटायचं, अर्थातच तिनं पाणी मागितलं. तीन दिवसांची तहानेली बाई दुसरं काय मागेल? मग मी तिचा मुलगा, दिलं. कधी वाटायचं, मी पाणी देईन हे तिनं ओळखलं असणार, आणि तिनं उरलासुरला जीव एकवटून मला नको म्हटलं. आणि तिच्या साठ वर्षांच्या व्रतांवर, उपासांवर मी एक पळी ओतली. एका दिवसात माझी दोन्ही मतं व्हायची, सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. आणि आता बाळासो विचारत होता, निर्दोष ठेवू की काढू.

गवसं गाव मागं पडल्यावर एका पुलाच्या कठड्यावर प्रसेनजीत थांबला होता. त्यानं थर्मासमधून चहा ओतून दिला. मी डब्यातली दशमी काढली. आपण कांदा-लसणाची चटणी आणली आहे हे त्यानं मला चिडवण्यासाठी मोठ्यानं सांगितलं आणि माझ्यापासून लांब सरकून बसला, दर वेळी बसतो तसा. खाली ओढ्याचा आवाज येत होता, ओढा दिसत नव्हता. आणि कोण जाणे का, कदाचित त्याचं तोंड भरलेलं होतं म्हणून, कदाचित समोर काहीच दिसत नव्हतं म्हणून, मी त्याला सगळं सांगून टाकलं. वर्षभर छातीवर बसलेलं पाच मिनिटांत संपलं. इतकंसंच होतं ते, याचं मला वाईटही वाटलं.

प्रसेनजीतनं चटणीचं बोट चाटलं. “आणि ह्याच्यापायी तू वर्षभर वाळत चाललायस?”

“तुला न्हाई कळायचं.”

“न कळायला काय झालं? म्हातारी तीन दिस पाण्याविना. पाणी म्हटली. तू दिलंस. माणसानं माणसाला पाणी दिलं, लेका. त्यात दोष कुठला काढलास? आमच्या आज्याला इचारायला पायजे हुतंस, पाणी न देणं म्हंजे काय असतंय ते.”

त्याच्या आजोबांच्या पिढीनं पाण्यासाठी काय सोसलं ते मला माहीत होतं, आणि तो ते उगाच मधे आणणारा माणूस नव्हता. “पण तिनं नको म्हटलं असंल तर?” मी तरी म्हणालो. “तिनं आपल्या मनानं सोडलं हुतं प्रसेन. कुणी सोडायला लावलं न्हवतं.”

त्यानं थर्मासचं झाकण फिरवून लावलं. मग म्हणाला, “मग तिनं गिळलं का?”

“तेच तर.”

“तोंडात पाणी पडलं की माणूस गिळतंयच,” तो म्हणाला, आणि हे आपण माझ्या बाजूनं बोललो की विरुद्ध, ते त्यालाही कळलं नसावं. “व्हय म्हणावं तरी पंचाईत, न्हाय म्हणावं तरी पंचाईत. चल, ऊठ, गार पडाय लागलोय.”

पुढचा चढ मी रागारागानं मारला. राग कुणाचा ते धड कळत नव्हतं. प्रसेनजीतचा, की त्याला इतकं सोपं वाटलं. चंदनाचा, की तिला इतकी खात्री. आईचा तर सगळ्यात जास्त. मराठीत सांगायला काय झालं होतं? साठ वर्षं माझ्याशी जी भाषा बोललीस ती नेमकी शेवटच्या शब्दाला कशी सुटली? मी तुझा मुलगा, आणि मला तुझी बोली शिकवली नाहीस. वडिलांचा धाक होता हे मान्य, पण वडील ऑफिसला गेल्यावर? लहान असताना मला एकदा गोवर निघाला होता, तेव्हा ती अंगावरून निंबाचा डहाळा फिरवत काहीतरी कानडी गुणगुणत होती. मी म्हणालो, “असलं नको म्हणू, शाळेतली पोरं हसतात.” मी सात-आठ वर्षांचा असेन. तिनं लगेच थांबवलं, पुन्हा माझ्यासमोर कधी गुणगुणली नाही. हे मला त्या चढावर आठवलं, आणि राग कुठल्या कुठं गेला. पायडल मारायला काही उरलं नाही. मी उतरलो आणि सायकल हातात धरून चालू लागलो. घामानं बनियन भिजलं होतं आणि त्यातून वारं आत शिरत होतं. एक ट्रक दिवे लावून समोरून आला, माझ्या अंगावरून गेल्यासारखा गेला, आणि मागं पुन्हा धुकंच.

अकराच्या सुमाराला रस्त्याकडेला चहाची टपरी लागली. पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंनी पोती, आत चूल. प्रसेनजीत आधीच पोचून चुलीकडं पाय करून बसला होता. टपरीवाली साठीची बाई, डोक्यावरून घोंगडं घेतलेली. “या पावणं, बसा की वं, काकडलाईसा की पार,” ती म्हणाली, आणि तिच्या हेलावरूनच मला कळलं, ही पलीकडची, कानडी मुलखातली. प्रसेनजीतनं विचारलंच, कुठल्या मावशी तुम्ही? ती हुक्केरीकडची निघाली, नाव तानाबाई, नवरा गेल्यावर धाकट्या बहिणीला घेऊन इथं टपरी टाकली होती, बारा वर्षं झाली. प्रसेनजीतनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. विचार की, म्हणजे. हिला विचारता येईल. ही मला ओळखत नाही, चंदनाला ओळखत नाही, पुन्हा कधी भेटायची नाही. मावशी, मरणाऱ्या बाईनं ‘नीर ब्’ म्हटलं तर पुढं काय असेल? मी वाक्य जुळवलं, तोंडापर्यंत आणलं, आणि माझ्या लक्षात आलं की मला उत्तर नको आहे. वर्षभर मी उत्तरासाठी तडफडतोय असं मला वाटत होतं, ते खोटं होतं. जोवर दोन उत्तरं आहेत तोवर निदान एक चांगलं आहे. मी चहा घेतला. जीभ भाजली.

तेवढ्यात बाहेर धुक्यात काटक्या मोडल्याचा आवाज आला. कुणीतरी टपरीपासून लांबच उभं राहून खोकत होतं. तानाबाईनं मान वर केली, घोंगड्यातून हात बाहेर काढला, आणि थंडीनं बसलेल्या आवाजात ती म्हणाली, “नीर ब्…”

मी उठलो. चुलीजवळ पाण्याचा तांब्या होता तो उचलला आणि तिच्यासमोर धरला. विचार केला नाही, त्या दिवशीही केला नव्हता.

तानाबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. “पाणी कशाला वं?”

“तुम्ही पाणी म्हणालात न्हवं?”

“पाणी? न्हाई वं. बहीण आल्या माझी, लाकडं घिऊन. तिकडंच खोकत हुबारल्या, तुमी पावणं हाईसा म्हणून बुजल्या. तिला म्हटलं, तू ये.”

“शब्द काय म्हणालात? शब्द सांगा.”

“नी बा.” ती हसली, मला वेड लागलंय असंच तिला वाटलं असणार. “नी म्हंजी तू. बा म्हंजी ये. नी बा. तू ये म्हटलं, आनि काय.”

म्हणजे ‘र’ नव्हताच. ‘र’ मी घातला होता, आत्ता, माझ्या कानानं, आणि तेव्हा? वर्षभर मी ‘ब’च्या पुढं काय होतं तेच शोधत बसलो, ‘ब’च्या मागं काय होतं ते मला माहीत आहे हे गृहीत धरून. तीन दिवस सगळं घर पाणी-पाणी करत होतं, माझ्या डोक्यात पाण्याशिवाय काही नव्हतं, ‘नी’ म्हटलं असतं तरी मी नीरच ऐकलं असतं. किंवा तिनं खरंच नीर म्हटलं असेल. मला माहीत नाही. दोनची तीन झाली एवढंच. पण हे तिसरं आल्याबरोबर आधीची दोन इतकी लहान झाली की मला त्यांचा धाकच वाटेना. व्रत मोडलं असेल तर महाराजांपुढं बसून प्रायश्चित्त घेता येतं. पाणी मागितलं असेल तर मी दिलं. आणि तिनं मला ये म्हटलं असेल तर?

बहीण आत आली. चिमणाबाई, तानाबाईनं सांगितलं. तिच्याहून वाळकी, ओठ निळे पडलेले. तानाबाईनं तिच्या डोक्यावरचा भारा उतरवला, तिला चुलीशी बसवलं, आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन चोळत बसली. दोघी कानडीत हळूहळू काही बोलत होत्या. बहुतेक लाकडं ओली आहेत असंच काहीतरी असेल. मला एक शब्द कळत नव्हता, पण तिथून नजर काढवत नव्हती. तांब्या अजून माझ्या हातात होता. त्यातलं पाणी हिंदकळून पँटवर सांडत होतं.

प्रसेनजीतनं तो माझ्या हातातून काढून खाली ठेवला आणि मला बाहेर, सायकलींपाशी आणलं. “ती बहिणीला ये म्हणली. त्यात तुला काय झालं रं?”

मी सांगितलं.

त्यानं घंटीवरचं दव बोटानं पुसलं. मग म्हणाला, “असंल. तू ये, असं म्हणली असंल. पर मग काय बिघडलं, भूपाल? तू व्हतासच की तिच्याजवळ. पळी दिलीस, मग हात धरून बसला असशील. मंडळी येस्तवर तूच तर व्हतास तिथं.”

“न्हाई,” मी म्हणालो. “मी आत गेलतो. कुणाला कळू नये म्हणून पळी पुसत हुतो.”